थ्री नॉट थ्रीची कुळकथा

बंदूक डाव्या कुशीवर आडवी ठेवली की लाकडी दस्ता लोखंडाला जिथे जोडलेला असतो, तो पट्टा वर येतो. जाणकार मंडळी त्याला सॉकेट म्हणतात. बोल्टच्या मुठीमागे अंगठ्याएवढ्या जागेत चार-पाच ओळी ठोकलेल्या दिसतात. सगळ्यात वर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही तीन अक्षरं: जॉर्ज, राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट. इंग्लंडात घडलेल्या बंदुकीवर नुसतं जी. आर. असतं, तिसरं अक्षर इथलं. मग ईशापूर, मग सन, आणि शेवटी रोमन तीनचा आकडा आणि त्याला चिकटलेली एक चांदणी. ही चांदणी शोभेची नाही. पहिल्या महायुद्धात बंदुका पुरेनात, तेव्हा दूरवर सामुदायिक मारा करण्यासाठी बसवलेली नेम धरायची जास्तीची दर्शनी आणि मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी असे मेहनतीचे भाग गाळून टाकले गेले. चांदणी म्हणजे त्या काटकसरीची खूण.

आणखी थोडं खाली पाहिलं की मॅगझिनच्या पुढे लाकडाच्या आरपार गेलेला एक आडवा स्क्रू दिसतो. मूळ आराखड्यात तो नाही. इथल्या उन्हापावसात लाकूड उलतं म्हणून ईशापूरच्या कारागिरांनी तो घातला, आणि आज जगभरचे संग्राहक त्याला ‘ईशापूर स्क्रू’ या नावानेच ओळखतात. दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा, त्यात एक झाकण, आणि झाकणाआड तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी. ज्यांनी एन.सी.सी. केली आहे त्यांना हे झाकण सांगायला नको. त्यांच्या हाती आलेल्या बंदुकीवर मात्र आणखी दोन गोष्टी असायच्या: डी. पी. हा ठसा आणि लाकडावर रंगवलेला पांढरा पट्टा. म्हणजे नळीच्या मागच्या भागाला भोक पाडून कायमची मुकी केलेली, फक्त कवायतीची बंदूक. ‘बाजू शस्त्र’, ‘सलामी शस्त्र’ करताना खांदे भरून आणणारं ते चार किलोंचं धूड एके काळी मेसोपोटेमियात किंवा ब्रह्मदेशात जाऊन आलेलं असू शकतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी पहाटे सहाला त्याचं फारसं कौतुक वाटलं नसतं.

हे पुस्तक त्या बंदुकीबद्दल आहे. कागदोपत्री तिचं नाव ली-एन्फिल्ड. आपल्याकडे शिपायापासून सिनेमातल्या दरोडेखोरापर्यंत सगळे तिला थ्री नॉट थ्री म्हणतात, कारण नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच. लष्करी बंदुकांचा इतिहास आणि त्यांचा संग्रह हा विषय समुद्राएवढा आहे. तो तोड्याच्या बंदुकीपासून आजच्या असॉल्ट रायफलीपर्यंत एका दमात सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि बहुतेक वाचून झाली की हाती फक्त नावांची माळ राहते. म्हणून एकच घराणं घेतलं, आणि त्यातही त्याची हिंदुस्थानी शाखा.

या घराण्याचा मूळ पुरुष जेम्स पॅरिस ली. १८३१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला, लहानपणी आईबापांबरोबर कॅनडात गेला, बापाच्या हाताखाली घड्याळं दुरुस्त करायला शिकला आणि पुढे अमेरिकेत जाऊन बंदुका घडवू लागला. त्याची खरी कामगिरी १८७९ची: चापाच्या पुढे, बोल्टच्या पोटाखाली लटकणारी आणि काढता-घालता येणारी काडतुसांची पेटी. आज जगातल्या जवळपास प्रत्येक लष्करी रायफलीचं मॅगझिन याच जागी असतं. ब्रिटिशांनी १८८८ साली लीचा बोल्ट आणि मॅगझिन घेतलं, त्याला विल्यम मेटफर्डने आखलेली नळी जोडली आणि ली-मेटफर्ड रायफल सैन्याला दिली. मेटफर्डच्या नळीतल्या मळसूत्री खाचा उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी त्यात साठत नसे, पुसायला सोपं जाई. पण तीन-चार वर्षांतच काळी दारू गेली आणि बिनधुराची कॉर्डाइट आली. ती इतकी तापे की त्या उथळ खाचा झिजून सपाट होऊ लागल्या. मग लंडनच्या उत्तरेला एन्फिल्ड इथल्या सरकारी कारखान्याने पाच खोल, चौकोनी काठांच्या खाचा काढल्या. १८९५ साली मेटफर्डचं नाव गेलं आणि एन्फिल्डचं लागलं. बाकी बंदूक जवळपास तीच होती.

बोअर युद्धात ब्रिटिशांनी चांगलाच मार खाल्ला. समोरच्या शेतकऱ्यांकडे जर्मन माउझर होत्या, आणि पाच काडतुसांची पट्टी वरून दाबली की त्या एका झटक्यात भरत. ब्रिटिश शिपाई एकेक काडतूस हाताने घालत होता. त्यातून १९०२ साली आखूड ली-एन्फिल्ड आली: पायदळाच्या लांब रायफलीपेक्षा छोटी, घोडदळाच्या कार्बाइनपेक्षा मोठी, दोघांना एकच. १९०७ साली तिचा तिसरा नमुना मंजूर झाला, आणि आपल्या गोष्टीतली बंदूक ती हीच.

तिच्या वेगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या गुणांची स्तुती बरीचशी भक्तिभावाची असते; वेगाची मात्र खरी आहे. माउझरच्या बोल्टचे अडसर पुढच्या टोकाला असतात, ली-एन्फिल्डचे मागे. त्यामुळे बोल्टला मागे-पुढे कमी अंतर जावं लागतं. मूठ वर उचलायला साठ अंशांचा कोन पुरतो. स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, उघडताना नाही. म्हणून नळी तापून काडतूस आत फुगलं असलं तरी उघडायला जोर कमी लागतो. मूठ खाली येते ती थेट चापाजवळ. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, म्हणजे माउझरच्या दुप्पट. १९१४च्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार अपेक्षित असत. मागचे अडसर म्हणजे अचूकतेत थोडं नुकसान, हेही खरं. नेमबाजीची पदकं जिंकायला माउझर बरी. खंदकात उभं राहायचं तर ही. मोजपट्टीची हौस असलेल्यांनी यावर शंभर वर्षं भांडण चालवलं आहे, त्यात मी पडत नाही.

एक खोट मात्र सांगायला हवी. .३०३च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. पट्टीत पाच काडतुसं भरताना या कडा एकमेकींच्या पुढे-मागे नीट आल्या नाहीत, तर मॅगझिनमध्ये एक कडा दुसरीत अडकते आणि बंदूक ऐन वेळी हटून बसते. म्हणून काडतुसं पट्टीत एक वर, एक खाली अशी लावायची शिस्त असे.

आता हिंदुस्थान. ही बंदूक इथे येण्याआधी एक गोष्ट घडून गेली होती आणि पुढचं सगळं तिच्या सावलीत घडलं.

ईस्ट इंडिया कंपनी आपल्या फौजांसाठी चापाच्या बंदुका इंग्लंडात बनवून घेई. त्यांच्यावर कंपनीचं बदामाच्या आकाराचं चिन्ह असे, पुढे मागच्या पायांवर उभा सिंह आला. कंपनीचा नमुना थोडा आखूड, साधा आणि स्वस्त. १७९०च्या दशकात फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा सरकारने कंपनीच्या बंदुका उचलल्या आणि तोच नमुना स्वतःच्या सैन्यासाठी स्वीकारला. ‘इंडिया पॅटर्न’ या नावाची ती बंदूक घेऊन ब्रिटिश सैन्य नेपोलियनशी लढलं. म्हणजे तेव्हा हिंदुस्थानसाठी आखलेली वस्तू लंडनने उचलली होती. हे उलटं गणित पुन्हा कधी जमलं नाही.

१८५३च्या एन्फिल्ड रायफलीची काडतुसं आणि त्यांची चरबी हा भाग शाळेत शिकवला जातो. तिथे भूगोल सांगितला जात नाही. काडतुसांची कुजबुज सुरू झाली दमदमला, जानेवारी १८५७मध्ये. मंगल पांडे यांनी बार काढला बराकपूरला, २९ मार्चला. आणि पुढे थ्री नॉट थ्री जिथे बनली ते ईशापूर बराकपूरच्या शेजारी. तिथे कंपनीचा दारूचा कारखाना अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच होता. कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीकाठच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत ही सगळी गावं बसतात.

उठाव मोडल्यावर ब्रिटिशांनी जे केलं, त्याचा पुरावा म्हणजे १८५८चा नमुना. बाहेरून अगदी एन्फिल्ड. पण नळीतल्या मळसूत्री खाचा तासून तिचा व्यास ०.६५६ इंच केलेला आणि मागचं पल्ल्याचं दर्शनी काढून टाकलेलं. रायफलीची पुन्हा साधी बंदूक केली, म्हणजे हिंदी शिपायाच्या हातचं शस्त्र गोऱ्या शिपायाच्या शस्त्रापुढे कायम लंगडं राहावं. तोफखानाही जवळपास सगळा गोऱ्यांच्या हाती गेला. त्यानंतरचा नियम कधी लिहून, कधी न लिहिता पाळला गेला. गोऱ्या पलटणीला मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली की हिंदी पलटणीला तिच्याआधीची स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली की हिंदींना मार्टिनी-हेन्री. १८९७ साली तिराहच्या डोंगरांत आफ्रिदींशी लढताना हीच स्थिती होती, आणि आफ्रिदींकडेही मार्टिनी होत्या.

एक पिढी मागे. पुस्तकभर हे तीन शब्द वाचकाला पुन्हा पुन्हा भेटतील. हिंदुस्थानात लष्करी बंदुकीचा इतिहास म्हणजे बहुतांशी उतरलेल्या बंदुकीचा इतिहास आहे, हे माझं म्हणणं. इतर देशांतले संग्राहक विचारतात, ही बंदूक पहिल्यांदा कुणाला मिळाली? इथे विचारायला हवं, शेवटी कुणाला मिळाली?

दमदमचं नाव जगात गेलं ते मात्र गोळीमुळे. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेत तक्रार आली की नवी बारीक, कठीण कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो थांबत नाही. दमदमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने कवचाचं टोक उघडं ठेवून शिसं बाहेर काढलं. अशी गोळी अंगात शिरली की पसरते. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली. ब्रिटनने तेव्हा विरोध केला होता. नंतर, १९१० साली आलेली टोकदार गोळी कायद्यात बसणारी होती, पण तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरलं जाई. बूड जड, टोक हलकं. अंगात शिरल्यावर ती कलंडे. हेगच्या ठरावाचा शब्द पाळला गेला.

ही टोकदार गोळी जुन्या गोळीपेक्षा हलकी आणि बरीच वेगवान. जुनीचा वेग सेकंदाला सुमारे २०६० फूट, नवीचा २४४०. म्हणजे दर्शनीवरची अंतरं सगळी चुकणार. सप्टेंबर १९१४मध्ये लाहोर डिव्हिजन मार्सेलच्या बंदरात उतरली तेव्हा हीच पंचाईत झाली. तिच्या रायफली जुन्या गोळीच्या, फ्रान्समधला साठा नव्या गोळीचा. धक्क्यावरच बंदुका जमा करून घेतल्या गेल्या आणि नव्या वाटल्या गेल्या. ज्या शस्त्रावर वर्षानुवर्षं हात बसला ते टाकून, अनोळखी रायफल घेऊन ही माणसं काही आठवड्यांत फ्लँडर्सच्या चिखलात उभी राहिली.

मराठा पलटणी फ्रान्सला नव्हे, मेसोपोटेमियात होत्या. सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूटच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेल्या. गॅलिपोली आणि इराकमध्ये हाती लागलेल्या ब्रिटिश रायफली तुर्कांनी पुढे स्वतःच्या ७.९२ मिलिमीटरच्या माउझर काडतुसासाठी बदलून घेतल्या. अशा ‘तुर्की एन्फिल्ड’ आजही युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत निघतात. त्यांच्यावर एका बाजूला ब्रिटिश ठसे आणि दर्शनीवर अरबी लिपीतले आकडे. यादीतला असा फोटो दिसला की मी लिलावाची किंमत बघायच्या आधी सन बघतो.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल इथे थोडक्यात. ब्रिटनने जाड नळीचा आणि बनवायला सोपा असा चौथा नमुना घेतला. कॅनडात लाँग ब्रांचला आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीत त्या लाखांनी निघाल्या. ईशापूर जुनाच तिसरा नमुना ठोकत राहिलं, कारण यंत्रं त्याचीच होती. शौर्यकथांत मात्र बंदुकांची सरमिसळ होते. नाईक यशवंत घाडगे यांना इटलीत १० जुलै १९४४च्या लढाईबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी हातातलं हत्यार नळीकडून धरून शेवटच्या दोघांना झोडपलं. व्याख्यानांत इथे हमखास थ्री नॉट थ्री येते. ती टॉमी गन होती.

स्वातंत्र्यानंतर शिक्क्यांतला मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले, कारखान्याचं नाव आर. एफ. आय. असं ठोकलं जाऊ लागलं. बंदूक तीच राहिली. गोव्यात डिसेंबर १९६१मध्ये ती चालून गेली, कारण समोरच्या पोर्तुगीज शिपायाची शस्त्रंही तिच्याइतकीच म्हातारी होती. पुढच्याच वर्षी चीनशी झालेल्या युद्धात नामका चू नदीच्या काठी गणित फसलं. चिनी सैनिकाकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या आणि आपला जवान प्रत्येक बाराला बोल्ट ओढत होता. थंडीचे कपडे नव्हते, तोफा नव्हत्या, रस्ते नव्हते. पराभवाचं खापर एकट्या रायफलीवर फोडणं चूक. तरीही तिचं वय त्या दिवशी उघडं पडलं. त्यानंतर ईशापूरने ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ‘२ ए’ आणि ‘२ ए १’ या रायफली काढल्या. अंग ली-एन्फिल्डचं, पोलाद अधिक कणखर, मॅगझिन चौकोनी आणि बारा काडतुसांचं. परदेशात अजूनही कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतं की या जुन्या .३०३लाच नवी नळी बसवलेल्या बंदुका आहेत. तसं नाही. त्या मुळातच नव्या घडवलेल्या आहेत.

सैन्यातून उतरलेली बंदूक पोलिसांकडे आली. त्यातही एक चमत्कारिक शाखा आहे: .४१०ची मस्केट. पहारेकरी आणि पोलीस यांच्यासाठी .३०३ची नळी आतून गुळगुळीत करून मोठी केली, मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवला आणि एका वेळी एकच काडतूस जाईल अशी सोय केली. काडतूसही वेगळं. बंदूक दंगेखोरांनी पळवली तरी चोरीची .३०३ काडतुसं तिच्यात निकामी. १८५८ साली शिपायाची रायफल तासून बंदूक करणारं डोकं इथे पुन्हा दिसतं. फरक इतकाच की आता अविश्वासाचा रोख शिपायावर नसून त्याच्याकडून बंदूक हिसकावणाऱ्यावर होता.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीच्या फलाटांवर काही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या, समोर एके-४७. त्यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं आणि बंदुकीची टिंगलही झाली. टिंगल बंदुकीची व्हायला नको होती. १९०७चा आराखडा १९०७च्या मानाने उत्तमच होता. एकशे एक वर्षांनी तो कुणाच्या हाती आणि का उरला, हा हिशेब दुसऱ्या कुणाकडे मागायचा. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनात तिला शेवटची मानवंदना दिली.

आता संग्रहाकडे वळू. इथे खरी गंमत आहे आणि खरी खंतही.

लष्करी बंदुकांच्या बाजारात पहिली शिकवण असते ती नंबरांची. ली-एन्फिल्डच्या बोल्टच्या मुठीवर एक नंबर असतो, लोखंडी चौकटीवर एक, नळीवर एक, पुढच्या दर्शनीच्या आसपास आणखी एक. सगळे जुळले तर बंदूक एकसंध. बोल्ट प्रत्येक बंदुकीला हाताने बसवला जाई, म्हणून दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट घालणं हा नुसता संग्राहकाचा रुसवा नाही; तो बार काढणाऱ्याच्या डोळ्याशी खेळ आहे. दुसरी शिकवण: लाकूड घासू नये. दस्त्यावरची काळपट साय म्हणजे जवसाचं तेल, घाम आणि धूळ. सँडपेपर मारला की त्यांच्याबरोबर तपासनिसांचे बारीक ठसेही जातात. १९५०-६०च्या दशकांत ब्रिटन-कॅनडात लष्करी बंदुका कवडीमोलाने विकल्या गेल्या तेव्हा हजारो लोकांनी त्यांचं पुढचं लाकूड कापून शिकारीच्या रायफली केल्या. आज न कापलेली बंदूक मिळाली की त्यांचे नातू जादा पैसे मोजतात.

तिसरी शिकवण खैबरची. पेशावर आणि कोहाटच्या मध्ये दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे. तिथले कारागीर कानस, हातभट्टी आणि अमर्याद चिकाटी यांच्या जोरावर ली-एन्फिल्ड हुबेहूब घडवत आले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे समोरच्या नमुन्यावर जे दिसेल ते कोरलं जाई. एन्फिल्डमधला एन उलटा. मुकुटाखाली व्ही. आर., म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि सन १९१४. राणी १९०१ साली वारली. अशा बंदुकीचा बार काढणं जिवावर बेतू शकतं, कारण पोलाद कुठल्या रेल्वेच्या रुळाचं असेल त्याचा भरवसा नाही. पण संग्रहात तिची जागा वेगळी आणि मानाची. मला विचाराल तर दोन अस्सल एन्फिल्ड देऊन असा एक उलटा एन घ्यावा.

चौथी गोष्ट शिकवण नव्हे, दंतकथेसारखा खरा प्रसंग. काठमांडूत लगन सिलेखाना नावाच्या जुन्या राजवाड्यात नेपाळचा शस्त्रसाठा धूळ खात पडला होता. २००३ साली अमेरिकन व्यापाऱ्यांनी तो विकत घेतला: सुमारे पन्नास हजार बंदुका. कंपनीच्या काळातल्या चापाच्या बंदुका, ब्रन्सविक रायफली, १८५३च्या एन्फिल्ड, स्नायडर, मार्टिनी-हेन्री, शिवाय जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाची नेपाळातच घडलेली गहेंद्र रायफल. ब्रिटिश हिंदुस्थानची सगळी उतरंड एका छपराखाली थर देऊन ठेवलेली. आज ती अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत भिंतींवर वाटली गेली आहे. दरबाराने वितळवून टाकली नाही म्हणून निदान वाचली, आणि मालकांनी तिचे ठसे अभ्यासले म्हणून आज आपल्याला बरंच ठाऊक आहे. ईशापूरच्या ‘२ ए १’ रायफलींचंही असंच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या हौशी लोकांनी त्यांच्या नंबरांच्या याद्या केल्या. या बंदुकीचा प्रमाण मानला जाणारा इतिहास, ‘द ली-एन्फिल्ड स्टोरी’, ऑस्ट्रेलियाच्या इयान स्केनर्टन यांनी १९९३ साली लिहिला. त्याआधीचा मुख्य ग्रंथ १९६०चा, ई. जी. बी. रेनल्ड्स या इंग्रजाचा. ईशापूरच्या शाखेची वंशावळ ईशापूरच्या बाहेर, समुद्रापलीकडे मांडली गेली.

कारण उघड आहे. आपल्याकडे .३०३ ही सामान्य नागरिकाला निषिद्ध नळी. १८७८च्या शस्त्र कायद्यापासून आलेली परवान्याची चौकट १९५९च्या कायद्याने आणि २०१६च्या नियमांनी चालू ठेवली. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. शिकाऱ्याला आणि शेतकऱ्याला म्हणून .३१५ दिली गेली. तिचं काडतूस मुद्दाम वेगळं, म्हणजे सरकारी साठ्याशी जुळू नये. कायद्यात एक फट आहे: जुन्या बनावटीची किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली, आणि दुरुस्त करूनही बार काढू न शकणारी बंदूक सुटते. दुसरीकडे १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांचं वय धरतो. १९१८ सालची ईशापुरी रायफल वयाने पुरावस्तू, नळीने निषिद्ध, आणि शस्त्रागारात असली तर मोडीत काढायचा माल. तीन खात्यांच्या तीन फायली, एकच बंदूक.

हा कायदा सैल करावा, असं मी म्हणत नाही. घरोघरी रायफली असलेल्या देशांचं काय होतं ते रोज वाचतो. मागणी लहान आहे. शस्त्रागारातून बंदूक भट्टीकडे जाण्याआधी तिचा नंबर, सन, ठसे लिहून घ्यावेत, चारही बाजूंनी फोटो काढावा. वेगळ्या ठशांची, मस्केटची, ग्रेनेड फेकण्यासाठी तांब्याची तार गुंडाळलेल्या नळीची एकेक बंदूक मुकी करून संग्रहालयात द्यावी. इंग्लंडात ‘पॅटर्न रूम’ नावाची खोली होती. प्रत्येक मंजूर शस्त्राचा एक नमुना तिथे लाखेची मोहोर लावून ठेवत, कारखान्यांनी त्यावरून बरहुकूम नक्कल करायची. तो संग्रह आता लीड्सला रॉयल आर्मरीजकडे आहे आणि अभ्यासकाला पाहता येतो. आपल्या संग्रहालयांत तलवारी, कट्यारी, दांडपट्टे मुबलक. ठासणीच्या बंदुकाही असतात. विसाव्या शतकातली बंदूक मात्र शोकेसमध्ये क्वचित दिसते, आणि दिसली तरी खाली नुसतं ‘रायफल’ लिहिलेलं.

तोवर वाचकाला घरबसल्या जमवता येईल असं पुष्कळ आहे. कवायतीची जुनी पुस्तकं, पितळी तेलबाटल्या, कापडी बंडोलियर, पणजोबांचा गणवेशातला फोटो. फोटोत बंदूक असेल तर भिंगातून तिचं टोक पाहा. नळीचं तोंड आखूड आणि पुढचा भाग चपटा असेल तर ती आखूड ली-एन्फिल्ड, आणि फोटो १९०३च्या अलीकडचा. काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली तर घरात ठेवण्याआधी वकिलाला विचारा. पण तिच्या बुडाची अक्षरं आधी वाचून टिपून ठेवा. के. एफ. असेल तर ती पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याची ही दोन अक्षरं टेक्सासपासून टास्मानियापर्यंतच्या नेमबाजांना पाठ आहेत. काहींच्या तोंडी ती शिवीसारखीही येतात, कारण खडकीच्या काही जुन्या साठ्यांतली काडतुसं बेभरवशाची निघाली आणि त्यांच्या प्रायमरमधल्या क्षारांनी नळ्या गंजल्या. जुना शिपाई नळीत उकळतं पाणी ओतून मगच तेलाची चिंधी फिरवायचा, ते याचसाठी.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पहिला भाग कंपनीच्या बंदुकांपासून मार्टिनी-हेन्रीपर्यंत भराभर येतो. दुसरा ईशापूर आणि खडकी. तो सर्वांत मोठा आहे, आणि तांत्रिक तपशील ज्यांना कंटाळवाणे वाटतात त्यांनी त्यातली ठशांची प्रकरणं सोडून पुढे गेलं तरी बिघडत नाही. तिसरा भाग पोलिसांचा, चौथा संग्राहकांचा. दर्रा आदमखेलला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, ते पानांच्या हिशेबाने जरा जास्तच झालं, कापवलं नाही. अंतरं यार्डांत आणि व्यास इंचांत ठेवले आहेत, कारण बंदुकीवर ते तसेच कोरलेले आहेत आणि मीटरमध्ये बदलले तर दर्शनीवरचा आकडा आणि पुस्तकातला आकडा जुळणार नाही. ७.६२च्या रायफलींपासून पुढे मिलिमीटर आणि मीटर येतात, तेही त्याच कारणाने.